अकरावी पायरी

घासायच्या चाकाचं बटण दाबायला गेलेलं तिचं बोट मध्येच थांबलं, कारण फोटोतल्या बांधाचे दगड डावीकडे चढत होते.

खरं तर फोटोकडे पाहायची गरजच नव्हती. तिचं काम ठोकळ्याशी. डोंगरातून खणून आणलेले मातीचे ठोकळे राळेत भिजवायचे, महिना-दीड महिना सुकू द्यायचे, दगडासारखे झाले की कापायचे, काचेवर चिकटवायचे आणि मग घासत घासत केसाहून पातळ करायचे. मातीतून उजेड आरपार गेला की काम झालं. सत्तावीस वर्षं ती हेच करत होती आणि त्यामुळे अख्ख्या प्रयोगशाळेत तिला चकतीताई म्हणत. खोक्यावर नुसता नंबर असे. माती कुठली हे चकती करणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर तो आधीच मनात काहीतरी ठरवून बसतो, असा मॅडमचा दंडक होता, आणि तिलाही तो पटत होता. कुठल्याच गावाची माती तिला ओळखायची नव्हती. पण खड्डेवाल्याने, म्हणजे डोंगरावर जाऊन खड्डे खणणाऱ्या त्यांच्या माणसाने, घाईघाईत खोकं बांधताना एक फोटो झाकणालाच चिकटवून दिला होता. खाली त्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'ब उतार, पायरी अकरा. पडीक.' फोटोत एक गुडघाभर उंचीचा दगडी बांध, आणि त्यातून बाहेर काढलेले लांब दगड, एकापेक्षा एक वर. पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात वरच्या वाफ्यावर चढायला असे दगड सगळीकडेच असतात. पण माणसं ओझं उजव्या खांद्यावर घेतात, डावा हात बांधाला टेकतात, म्हणून दगड उजवीकडे चढत जातात. तिला माहीत असलेल्या सगळ्या डोंगरात डावीकडे चढणारा बांध एकच होता. ढासळलेला तो बांध तिने नव्याने रचला होता, वयाच्या दहाव्या वर्षी, बाबांशी भांडून, कारण ती डावखुरी होती.

ती स्टुलावर बसली. चाकाला पाणी सोडणारी नळी टपटप करत होती, ती बंद करायचंही तिला सुचलं नाही. आपण अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहोत आणि ऐतिहासिक झालो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं, पण हसू आलं नाही. सहा महिन्यांपूर्वी मॅडमनी सगळ्यांना बसवून कामाचा विषय सांगितला होता तेव्हा ती मागच्या खुर्चीत बसून पेन्सिलींना टोक काढत होती. दोन उतार आहेत, मॅडम म्हणाल्या होत्या. मध्ये एकच दरी. दगड तोच, पाऊस तोच, बांधायची पद्धत जवळजवळ तीच, आठशे वर्षांचं वयही तेच. त्यातला एक आजही पिकतोय आणि दुसरा ढासळून गेलाय. का? मग ज्याने त्याने आपापल्या विषयाचं घोडं पुढे दामटलं. पाणीवाला म्हणाला पाणी, झाडंवाला म्हणाला झाडं. दोन्हीकडे राहून आलेला खड्डेवाला तेवढा म्हणाला होता, "मॅडम, तो चालू उतार आहे ना, तिथं एक गंमत आहे. उन्हाळ्यात माती वाहायचे दिवस असतात. शहरात गेलेला जो कुणी त्या दिवसांत आला नाही, तो पुढच्या खेपेला घरी आला की त्याला पाहुणा म्हणतात. चटई टाकून सगळ्यांच्या आधी जेवायला वाढतात, कामाला हात लावू देत नाहीत. सख्खी आई म्हणते, बसा हो पाहुणे. माणूस शरमेनं अर्धा होतो. दुसऱ्या वर्षी गपचूप येतो, दोन दिवस वाहतो, की झाला परत घरचा." सगळे हसले होते. मॅडमही हसल्या होत्या. कुणी ते लिहून घेतलं नव्हतं. तिच्या पेन्सिलीचं टोक तेवढं मोडलं होतं.

कारण माती वाहणं म्हणजे काय हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं. डोंगरावरची माती पावसात खाली जाते, त्याला कुणाचा इलाज नाही. बांध घाला, काहीही करा, दरवर्षी थोडी थोडी खालच्या पायरीवर, तिथून त्याच्या खालच्या, असं करत शेवटी ओहोळात जाऊन बसते. मग उन्हाळ्यात ओहोळ आटला की ती परत वर न्यायची. घमेल्याने. खांद्यावरून. एवढीच ती शेती. बाकी पेरणी-कापणी कुणालाही येते, बाबा म्हणायचे, डोंगर परत डोंगरावर ठेवायला माणूस लागतो. घराघराची पायरी ठरलेली, माणसामाणसाचं घमेलं ठरलेलं. त्यांच्या घराच्या अकरा पायऱ्या होत्या आणि सगळ्यात वरची, दोन चटयांएवढी, तिची. आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे ती चालायला लागल्यापासून बाबांच्या मागे मागे, आधी वाटीत माती घेऊन, मग टोपलीत, मग स्वतःच्या लोखंडी घमेल्यात. खाली गेलेल्याने रिकाम्या हाताने वर यायचं नाही. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की आजही प्रयोगशाळेचे तीन मजले ती मोकळ्या हातांनी चढू शकत नसे. टपाल आणायची, कुणाच्या पिशव्या आणायची, काहीच नसलं तर पहारेकऱ्याच्या टेबलावरचं कालचं वर्तमानपत्र आणायची. लोकांना ते कळलं होतं. जड खोकी लोक मुद्दाम जिन्यापाशी ठेवून देत आणि वर येऊन साळसूदपणे विचारत, चकतीताई आल्या का हो खालून?

पण त्यांच्या उतारावर पाहुणा नावाची गंमत नव्हती. तिथे कडक कायदा होता. गाव सोडून गेला तो गेला. ज्या दिवशी माणूस जाईल त्या दिवशी त्याचं घमेलं त्याच्या पायरीवर पालथं घालायचं. पुढे आला-गेला तरी मातीला हात लावायचा त्याला अधिकार नाही. आणि हे पालथं घालायचं काम होतं बाबांकडे, कारण वाहणीचे मुकादम ते. तिने लहानपणी त्यांना कितीदा तरी घमेली पालथी घालताना पाहिलं होतं. न बोलता जायचे, पालथं घालायचे, वर एक धोंडा ठेवायचे, यायचे. दरवर्षी दोन-चार घमेली वाढत. गेलेल्यांपैकी काहींना परत यायचं असे. एकजण तर सुट्टी काढून आला होता, दिवसभर बांधावर उकिडवा बसून राहिला आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे तिला आठवत होतं, आणि बाबांच्या डोळ्यांत नव्हतं हेही आठवत होतं. मग एकविसाव्या वर्षी तिने शहरातल्या प्रयोगशाळेचं पत्र बाबांसमोर धरलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं. "जा. पण तू गेलीस की मीही घमेलं टाकलं. कुणासाठी वाहायचं?" एवढंच म्हणाले. निघाली त्या सकाळी ते निरोपाला आले नाहीत. रस्त्याच्या वळणावरून तिने मागे पाहिलं तेव्हा ते सगळ्यात वरच्या पायरीवर वाकलेले दिसले, आणि मग लोखंड दगडावर आदळल्याचा आवाज आला. एवढ्या लांबून आवाज येणं शक्य होतं की नाही, याचा हिशोब तिने नंतर खूपदा करून पाहिला. पण ऐकला होता.

त्यानंतर गाव तिच्यापर्यंत आलं ते आत्याच्या बोलण्यातून. आत्या फोन करायची आणि फोन ठेवताना दर वेळी तेच म्हणायची, "तू गेलीस गं, आणि शेतही गेलं." चिडून नाही, हवापाण्यासारखं बोलायची. आधी खालच्या पायऱ्या फुटल्या, मग मधल्या, मग माणसं भराभर उतरली. गाव सुटायला शंभर कारणं असतील, पण एका माणसाच्या हातून घमेलं आपल्यामुळे सुटलं, ही गोष्ट तिने गेली सत्तावीस वर्षं उशाशी घेऊन झोप काढली होती. लग्न केलं नाही त्याचं कारण हे नव्हतं, पण विचारलं तर तिला दुसरं कारणही सांगता आलं नसतं. पाहुणी होऊन तरी जावं, चटईवर बसावं, असं तिला फार वाटे. तिच्या गावात तेवढीही सोय नव्हती.

"झालं का गं?" मॅडमनी दारातून डोकावून विचारलं. "परवा अहवाल द्यायचाय. त्या अकराची खालची बाजू जपून हं."

"हो," ती म्हणाली.

खालची बाजू जपायची याचा अर्थ वरची घासून टाकायची. काचेत चार बोटं माती बसते आणि ठोकळा सहा बोटांचा होता. दोन बोटं कुठूनतरी कमी करायचीच, आणि तुकडा कापून वेगळा काढावा तर तो फुटतो, म्हणून जाड चाकावर खरडायचा, गाळ होऊन मोरीत जातो. कुठलीही चकतीवाली वरूनच खरडते. वरचा थर म्हणजे काय, मुळं, कचरा, पडीक जमिनीवर उडून आलेली धूळ. खाली मात्र डोंगराची मूळ माती आणि शेतातली पहिली माती जिथे भेटतात ती रेघ होती, आठशे वर्षांपूर्वी कुणी पहिलं घमेलं रिकामं केलं तिथली. सगळ्या खड्ड्यांत ती रेघ एवढ्या एकाच ठोकळ्यात सापडली होती. मॅडम त्या रेघेवर जीव टाकून होत्या. तिने ठोकळा दोन्ही हातांत धरला. वजन ओळखीचं वाटलं, म्हणजे वाटावं असं तिला वाटलं. वरच्या दोन बोटांत काय असणार? सत्तावीस वर्षांची धूळ. आपण गेल्यानंतरचं काही नाही. तेच तिला बघायचं होतं. ज्या गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं स्वतःला खात आलो ती नुसती ऐकलेली होती, एकदा डोळ्यांनी बघावी आणि मग मॅडम काय बोलायचं ते बोलोत. तिने ठोकळा उलटा केला, खालची बाजू चाकावर टेकवली आणि बटण दाबलं. आठशे वर्षांपूर्वीची रेघ पिवळा गाळ होऊन मोरीत गेली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तिने पहिल्यांदाच मुद्दाम काम बिघडवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घासत होती. पडद्यातून ऊन येत होतं, बाजूच्या खोलीत कुणीतरी छापखान्याशी फोनवर वाद घालत होतं. चकती उजेडाला धरली की मधासारखी दिसायला लागली तेव्हा तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खालून वर सरकवत नेली. खालचं सगळं तिला पाठ असल्यासारखं होतं. उकरलेली, उलथलेली, पेरलेली माती, कोळशाचे कण, आणि सगळीकडे विखुरलेला पांढरा चुरा. ओहोळातल्या गोगलगाईंच्या शंखांचा चुरा. डोंगरमाथ्यावर ओहोळाचे शंख आपण होऊन चढत नाहीत, ते घमेल्यातून येतात. वाहणाऱ्यांची सही ती. दरवर्षी कुदळीने जमीन उकरायची, त्यामुळे वर्षांची सरमिसळ झालेली, कुठलं वर्ष कुठलं हे सांगता येत नव्हतं. ती वर सरकत गेली. एके ठिकाणी उकरणं थांबलं. कुदळीचा शेवटचा घाव तिला स्वच्छ दिसला, खाली सैल आणि वर सपाट. इथे मी गेले, ती मनात म्हणाली. आता धूळ.

धूळ नव्हती. वर एक पातळ पट्टा होता आणि त्यात पांढरा चुरा होता. त्यावर पावसाने धरलेली साय, आणि साईवर पुन्हा पट्टा. पुन्हा चुरा. पुन्हा साय. तिने डोळा काढला, चष्मा पुसला, काच पुसली, परत लावला. पट्टे एकावर एक होते, पुस्तकाच्या पानांसारखे, न उकरलेले, कारण उकरायला कुणी नव्हतं. पेरलं नव्हतं. पेरायच्या आधी जमीन उकरावीच लागते. नुसतं खालून आणून पसरलं होतं, उन्हाळ्यात एकदा, आणि परत पुढच्या उन्हाळ्यात. तिने मोजले. पंधरा भरले. चुकलं असेल म्हणून परत मोजले. बाबा ती गेल्यानंतर सोळा वर्षं जगले होते. पंधरा कसे? मग तिला आठवलं. शेवटच्या उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते. आत्याने त्यांना गाडीत घालून खाली शहरात आणलं होतं, ती तिथेच जाऊन भेटली होती, डोंगर चढली नव्हती. ते बोलत नव्हते, म्हणजे कुणाशीच. तिने त्यांचा हात हातात घेतला होता. तळवा खरखरीत, ताज्या घट्ट्यांचा. नर्स कुरकुरत होती, "बाई, यांची नखं कितीही घासा, माती निघतच नाही." जन्मभराची माती आहे, मुरलेली, असं तिने नर्सला सांगितलं होतं. जन्मभराची नव्हती ती. गेल्या उन्हाळ्याची होती.

आणि पट्टे सारखे नव्हते. पहिले दोन-तीन जाड, रागाने टाकल्यासारखे ठासून भरलेले. मग एकसारखे. मग बारीक, अजून बारीक, शेवटचे दोन तर रेघेएवढे, मध्येमध्ये तुटलेले. सत्तरीचा म्हातारा ओहोळातून वर किती आणणार? अकरा पायऱ्या एकट्याला झेपण्यातल्या नव्हत्या. दहा त्यांनी जाऊ दिल्या. ती रडली. दार उघडं होतं तरी रडली. तिला घरी जायचं होतं, आत्ता, या क्षणी, आणि ज्या घरी जायचं होतं तिथे कुणी नव्हतं. सत्तावीस वर्षांपैकी पंधरा उन्हाळे कुणीतरी तिची जागा तयार करून ठेवत होतं आणि ती इथे तिसऱ्या मजल्यावर लोकांची वर्तमानपत्रं वाहत होती.

मॅडम आल्या त्या आधी काचेकडे, मग मोरीकडे आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"खालची बाजू कुठंय?"

"खरडली मी."

"खरडली? अगं सुरुवात होती ती! आठशे वर्षांत एकदा सापडणारी!"

"सुरुवात कुठेही सापडेल, मॅडम. सुरुवात सगळेच करतात. शेवट बघा."

अशा उत्तरावर मॅडम एरवी आकाशपाताळ एक करायच्या. पण त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि बराच वेळ वाकून राहिल्या. "हे शंख इतक्या वर? पूर आला असेल."

"पूर डोंगर चढत नाही."

"मग?"

"माणूस चढलाय. एकच. पंधरा उन्हाळे."

"पण पेरलेलं दिसत नाही." मॅडम सरळ झाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "पेरायचंच नाही तर माती कशाला न्यायची?" आणि त्यांनी टेबलावरचा तक्ता पुढे ओढला. त्यात दोनच रकाने होते, चालू आणि पडीक. त्यांनी पेन धरलं, फिरवलं, आणि तिच्यापुढे ठेवलं. "याला काय म्हणायचं ते तूच सांग. तुला माहीत आहे वाटतं."

"माझे वडील होते," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत हे वाक्य तिने या इमारतीत उच्चारलं नव्हतं. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाताना म्हणाल्या, "खालची रेघ मात्र मला लागणारच. खड्डेवाल्याला परत पाठवावं लागेल."

खड्डेवाला आला तो बडबडतच. कपाळावर टोपी, बुटांना कुठल्यातरी तिसऱ्याच डोंगराचा चिखल. "काय हो चकतीताई, तुमच्या एका चुकीपायी मला परत तो डोंगर! खालच्या दहा पायऱ्यांवरून नुसतं घसरत जायचं, बांध म्हणून राहिला नाही कुठं. वरची ती एक तेवढी धड. डाव्या हाताच्या माणसाने बांधलेली आहे, पाय ठेवताना सारखी गफलत होते."

"धड आहे?"

"एकदम. माती पण काय मऊ! खोरं लागत नव्हतं, हातानं निघत होती. आणि सोय बघा, तिथं एक जुनं लोखंडी घमेलं होतं, पावसाचं पाणी काठोकाठ. मी हत्यारं त्यातच धुतली."

तिच्या हातातलं पेन खाली ठेवलं गेलं.

"पाणी त्यातच होतं? तुम्ही सरळ केलं होतं का ते?"

"छे, मी कशाला हात लावतोय? होतंच तसं, बांधाला टेकून व्यवस्थित ठेवलेलं. बाकीच्या पायऱ्यांवर बघितली मी घमेली, गंजून चाळण झालेली, सगळी पालथी, वर धोंडे. हेच एक सरळ होतं. का हो?"

ती उठली. खिडकीपाशी गेली, तिथून परत आली, तक्त्यातल्या दोन्ही रकान्यांकडे पाहिलं आणि दोन्ही कोरे ठेवून तो मिटला. वळणावर ऐकलेला तो आवाज खरा असेलही. पण नंतर कधीतरी, पहिल्या उन्हाळ्यात की पाचव्या, मुकादमाने स्वतःचाच कायदा मोडला होता. पालथ्या घमेल्यात पाणी साचत नाही.

"कधी निघायचं?" तिने विचारलं.

"कोण, तुम्ही?" खड्डेवाल्याने टोपी मागे सारली. "अहो ताई, ओहोळापासून चढ आहे. छातीवर येणारा. तुम्ही कशाला उगाच?"

"ओहोळ आटला असेल ना आता?"

"ठणठणीत."

"मग येते," ती म्हणाली. "तिथून थोडी माती वर न्यायची आहे."